अमेरिकेत हापूसची पेटी एवढी महाग का?

दर मे महिन्यात तिकडच्या मंडळींची तीच कुरकुर. साडेतीन किलोची हापूसची पेटी चाळीस-पन्नास डॉलरला, आणि मेक्सिकोचा आंबा डॉलर-दीड डॉलरला एक! व्यापारी लुटतात म्हणून मोकळं होणं सोपं आहे. विमानभाडं हा मोठा वाटा आहेच, पण त्याबद्दल सगळेच बोलतात.

मेक्सिकोच्या आंब्याला फळमाशीसाठी ४६ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास बुडवलं की भागतं. आपल्या आंब्याच्या कोयीत सोंडकिडा असू शकतो. तो बाहेरून दिसत नाही आणि त्याच्यासाठी गरम पाण्यावर अमेरिका भरवसा ठेवत नाही. म्हणून २००७ साली अमेरिकेने दार उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरणांचा मारा करण्याच्या अटीवर: किमान ४०० ग्रे (हे त्या मात्रेचं माप), कमाल १०००. पट्टा ऐसपैस वाटतो, पण तसा नाही. मधल्या फळाला ४०० मिळेपर्यंत कडेच्या फळाला बरंच जास्त बसतं, आणि मात्रा वाढली की सालीवर डाग पडतात, फळ धड पिकत नाही.

शिवाय अमेरिकी निरीक्षक इथे हजर हवा, त्याचा खर्च आपल्याकडे. कोविडमध्ये तो येऊ शकला नाही, तर २०२० आणि २०२१ असे दोन्ही हंगाम कोरडे गेले.

खरी गोम पुढे आहे. या मात्रेने किडा लगेच मरतोच असं नाही, तो वांझ होतो. म्हणजे फळ कापून प्रक्रिया झाली की नाही हे कळत नाही. पुरावा एकच, विकिरण झाल्याचं अमेरिकी निरीक्षकाने लिहून दिलेला पीपीक्यू २०३ हा कागद. मे २०२५ मध्ये वाशीत विकिरण झालेल्या १५ खेपा तिकडच्या विमानतळांवर अडल्या, त्या या कागदातल्या चुकीवरून. परत न्या किंवा नष्ट करा, एवढेच पर्याय. नाशवंत माल परत आणायचं भाडं कोणाला परवडणार? निर्यातदारांनी नुकसान सुमारे ५ लाख डॉलर सांगितलं.

असा फटका एकदा बसला की पुढच्या प्रत्येक पेटीत त्याची भीती धरूनच भाव लागतो. बागायतदाराच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. उलट निर्यातदार घासाघीस करतो ती त्याच्याशीच, कारण विकिरण आणि विमान यांचे दर ठरलेले. ते दर हापूसला आणि साध्या आंब्याला सारखेच, म्हणून साधा आंबा तिकडे पाठवणं फारसं परवडत नाही.

२०२२ मध्ये एक कंटेनर समुद्रमार्गे धाडून पाहिला, साधारण २५ दिवस लागले. भाडं वाचतं, पण हापूसला इतका दम धरवणं कठीण.

माझ्या मते नियम सैल करा म्हणण्यात अर्थ नाही, सोंडकिडा खरा आहे. मात्रेची नोंद, लॉट नंबर आणि पेट्यांचा आकडा ट्रक विमानतळाकडे निघण्याआधी वाशीतच दुसऱ्या माणसाने ताडून पाहावा, एवढं तरी आपल्या हातात आहे.