रत्नागिरी अर्ध्या दिवसात उरकायची नाही
‘रत्नागिरी अर्ध्या दिवसात उरकून गणपतीपुळ्याला निघा’ हा एका प्रवासलेखातला सल्ला अजिबात पटला नाही. गादी गेलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा १९१६ साली इथेच वारला. त्याच्या राजवाड्यात फोटो काढून दहा मिनिटांत कसं निघायचं?

डिसेंबरात बाबांना घेऊन गेले होते. सकाळी मिरकरवाडा बंदरावर होड्या लागल्या, पाट्यांतले बांगडे अजून चकाकत होते. दुपारी खानावळीत त्याच बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, भात आणि सोलकढी. बाबांनी दोनदा भात मागून घेतला. संध्याकाळी रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापाशी बसलो, खाली तिन्ही बाजूंना समुद्र. मुक्काम कराच, आणि दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने सावकाश पुळ्याला जा.