सेरोटोनिन, थकवा आणि बीसीएएचा डबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लांबलेल्या व्यायामात मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वाढतं आणि त्याने थकवा येतो, असं लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. सेरोटोनिनने मन प्रसन्न राहतं, मग त्यानेच थकवा कसा येईल? बीसीएए (खेळाडू पूरक म्हणून घेतात ती तीन अमिनो आम्लं) मॅरेथॉनमध्ये उपयोगी ठरल्याचं संशोधन लेखात का नाही? आणि असं वाचून नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी घाबरायचं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. धावण्यासाठी म्हणून त्या गोळ्या कुणीही स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. १९९२ च्या एका प्रयोगात २० मिलिग्रॅम पॅरॉक्सेटीन (सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारं नैराश्यावरचं औषध) घेतल्यावर लोक सायकलवर लवकर थकले, हे खरं. पण नंतर उष्ण हवेत तोच डोस देऊन पाहिला तेव्हा फरक दिसला नाही. शिवाय हे प्रयोग निरोगी माणसांवरचे होते. महिनोन्‌महिने उपचार घेणाऱ्याला ते लागू करता येत नाहीत.

आता पहिला आक्षेप. सेरोटोनिन काय करेल हे ते कुठे आणि किती सुटतं यावर ठरतं. मज्जारज्जूत ते बेताने सुटलं तर स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशी जास्त तत्पर होतात. फार सुटलं तर ते ओसंडून त्याच पेशीच्या तंतूच्या मुळाशी असलेल्या ग्राहींपर्यंत (रसायनाचा संदेश टिपणाऱ्या जागांपर्यंत) पोचतं आणि आदेश दाबला जातो. २०१३ मध्ये कासवांच्या मज्जारज्जूवर हे दाखवलं गेलं. २०१९ मध्ये माणसांतही तसंच चित्र दिसलं: पॅरॉक्सेटीन दिल्यावर ताज्या हाताचा जोर वाढला, थकलेल्या हाताचा घटला. म्हणजे तुमचं म्हणणं आणि लेखातलं विधान, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. (शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरत नाही. ‘सेरोटोनिन वाढवणारं केळं’ वगैरे सोडून द्या.)

बीसीएएमागचा तर्क ऑक्सफर्डच्या एरिक न्यूजहोम यांचा, १९८७ चा. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते अमिनो आम्ल म्हणजे ट्रिप्टोफॅन. रक्तातलं बरंचसं ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. व्यायाम लांबला की रक्तात मेदाम्लं वाढतात आणि त्याला तिथून हुसकावतात. त्याच वेळी स्नायू बीसीएए वापरत असतात. मेंदूत शिरायचं दार दोघांना एकच, त्यामुळे मोकळं झालेलं ट्रिप्टोफॅन जास्त आत जातं आणि त्याचं सेरोटोनिन बनतं. म्हणून बीसीएए बाहेरून घेतलं तर ट्रिप्टोफॅन कमी शिरेल आणि थकवा लांबेल. तर्क सुंदर आहे. तुम्ही म्हणता ते १९९१ चं स्वीडनमधलं संशोधन याच तर्कावर बेतलेलं, पण त्यात वेळ सुधारली ती फक्त संथ गटाची, आणि धावपटूंचा आहार सारखा ठेवलेला नव्हता. १९९५ चा डच प्रयोग मला जास्त पटतो. १० सायकलपटूंना ६ टक्के साखरेचं पाणी दिलं. त्यात कधी काहीच नाही, कधी लिटरला ६ किंवा १८ ग्रॅम बीसीएए, कधी ३ ग्रॅम ट्रिप्टोफॅन. ट्रिप्टोफॅनमुळे ते मेंदूत जाण्याचं प्रमाण अंदाजे ७ ते २० पट वाढलं, तरी टिकण्याची वेळ तीच! बीसीएएने ते जेमतेम ८ ते १२ टक्के घटलं. वर बीसीएएच्या ज्वलनातून अमोनिया वाढतो, आणि तोही मेंदूला मानवत नाही.

त्यामुळे डब्यावर हजारो रुपये घालवण्यापेक्षा साखर बरी. १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, चवीला लिंबू. दीड तासाहून लांब धावायचं असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करा आणि तासाला अर्धा ते एक लिटर, तहान आणि घाम पाहून, घोटाघोटाने प्या. साखरेमुळे मेदाम्लं कमी वाढतात, म्हणून ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिनलाच चिकटून राहतं. स्नायूंनाही इंधन मिळतं. फायद्यातला मेंदूचा वाटा किती आणि स्नायूंचा किती, हे मात्र वेगळं काढता येत नाही. साखर दुप्पट केली तर द्रावण जठरातून सावकाश पुढे सरकतं, पोट डचमळतं. म्हणून स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका. आधी रविवारच्या लांब पल्ल्याच्या सरावात दोन-तीनदा पिऊन पाहा.