इचिरोच्या वडिलांचा तो मेसेज आणि माझ्या पुतण्याचं कोपर

गेल्या महिन्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर जपानचा झेंडा, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: जपानमधल्या एका बापाने मुलगा जन्मला तेव्हाच ठरवलं की हा जगात पहिला येणार, म्हणून नाव ठेवलं इचिरो, म्हणजे ‘नंबर एक’. मुलात जन्मजात काही विशेष नव्हतं. बापाने तिसऱ्या वर्षापासून रोज बेसबॉलचे 1000 चेंडू खेळवले. मित्र नाहीत, खेळणी नाहीत, सुट्टी नाही. मुलगा रडायचा, बाप थांबायचा नाही. अठराव्या वर्षी मोठ्या संघाने त्याला उचललं आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. अमेरिकेत 4367 हिट्स मारल्या. 2025 मध्ये 100 टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि आज तो सगळं श्रेय वडिलांना देतो. शेवटी, ‘आई-बाबांनो, मुलांचे लाड थांबवा. आज रडवाल, उद्या जग टाळ्या वाजवेल.’

हा मेसेज याआधी मला दोन-तीन ठिकाणांहून आला होता, मी सोडून दिला होता. या वेळी सोडता आला नाही, कारण दादाने तो नुसता पाठवला नाही, घरात राबवला. माझा पुतण्या नऊ वर्षांचा आहे. त्याला वेगात गोलंदाजी करायला आवडते. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी आणि क्लासनंतर मिळून त्याला रोज 200 चेंडू टाकायला लावले. बाराव्या दिवशी वहिनीचा फोन आला, ‘अगं, याला डब्याचं झाकण उघडता येत नाहीये.’ कोपर सुजलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय.

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, राइट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या उजव्या भागात, उभी राहायचे. इचिरो सुझुकीही राइट फिल्डचाच. त्याच्यावर माझं वर्षानुवर्षांचं प्रेम आहे आणि त्याच्या नावावर हे खपवलेलं मला सहन होत नाही. म्हणून दादा, हे तुझ्यासाठी, आणि ज्यांच्या ज्यांच्या ग्रुपवर ते पोचलंय त्या सगळ्यांसाठी.

सोप्या गोष्टी आधी उरकते. 4367 हा आकडा खरा आहे, पण तो अमेरिकेतला नाही. जपानमध्ये नऊ मोसमांत 1278 आणि अमेरिकेत 3089, यांची ती बेरीज आहे. हिट म्हणजे चेंडू मारून, समोरच्याच्या चुकीचा आधार न घेता, सुखरूप निदान पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या चार ठाण्यांपैकी पहिल्यावर) पोचणं. अमेरिकेतल्या 3089 मध्येच माणूस थोर ठरतो, फुगवायची गरज नव्हती. हॉल ऑफ फेम म्हणजे थोर बेसबॉलपटूंचं सन्मानाचं दालन, त्याची मतं 100 टक्के नव्हती. 394 पैकी 393 मिळाली. ज्या एका पत्रकाराने मत दिलं नाही त्याला घरी बोलावून सोबत एक पेय घ्यायला आवडेल, असं इचिरो म्हणाला होता. आणि नावाचं म्हणाल तर तो धाकटा मुलगा, त्याला थोरला भाऊ आहे. इचिरो हे नाव जपानमध्ये साधारणपणे पहिल्या मुलाला ठेवतात, याचं लिहायचं अक्षरही थोडं वेगळं आहे. पाठीवर आडनावाऐवजी ‘इचिरो’ आलं ते 1994 मध्ये, संघाच्या व्यवस्थापकाच्या निर्णयाने. सुझुकी आडनावाची माणसं जपानमध्ये गल्लोगल्ली सापडतात, म्हणून. जन्मतः ठरवलेली नंबर एकची भविष्यवाणी वगैरे काही नाही.

आता त्या 1000 चेंडूंकडे येते.

इचिरो 1973 चा. नागोयाजवळच्या टोयोयामा नावाच्या लहान गावात वाढला. वडील नोबुयुकी यांनी त्याच्याकडून करून घेतलेला सराव खरोखर कडक होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुपारी मैदानावर 50 चेंडू फेकायचे, 200 बॅटने मारायचे, मग 50 जवळून आणि 50 लांबून आलेले अडवायचे. संध्याकाळी विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरवर मशीनसमोर आणखी 250 ते 300. बेरीज केली तरी 1000 होत नाही. आणि तिसऱ्या वर्षापासून रोज, हेही खरं नाही. सहावीत असताना त्याने शाळेत ‘माझं स्वप्न’ या विषयावर निबंध लिहिला होता, तो जपानमध्ये खूप प्रसिद्ध आहे. त्यात तो स्वतः सांगतो: तीन ते सात या वयात वर्षातून साधारण सहा महिने खेळायचो, तिसरीपासून 365 पैकी 360 दिवस कडक सराव, आठवड्यात मित्रांबरोबर खेळायला मिळतात ते पाच-सहा तास.

पाच-सहा तास. मेसेजवाल्याने तेही त्याच्यापासून काढून घेतले.

याच निबंधात तो लिहितो की मला व्यावसायिक बेसबॉलपटू व्हायचंय, अमुक संघात जायचंय, करार 10 कोटी येनच्या वर हवा. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने लिहिलंय ते. म्हणजे भूक मुलाची होती. मला शिकवा असं त्यानेच वडिलांना सांगितलं होतं. दादा, तुझ्या मुलाने तुला काय सांगितलं होतं, ते आठव. त्याला इमारतीतल्या पोरांबरोबर टेनिस बॉलने खेळायचं होतं.

भूक मुलाची असूनही काय झालं, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. मोठेपणी इचिरो त्या दिवसांबद्दल म्हणाला की ते छळाच्या जवळ जाणारं होतं, मला फार सोसावं लागलं, पण वडिलांना नाही म्हणता येत नव्हतं. वडील सांगतात, आम्हा दोघांनाही मजा यायची. मुलाचं उत्तर असं, की त्यांना येत असेल. थंडीत हात इतके गारठायचे की सरावानंतर शर्टाची बटणं लागायची नाहीत. एकदा वैतागून तो मैदानातच बसला, तर वडिलांनी त्याच्या अंगावर चेंडू फेकायला सुरुवात केली.

‘आज तो सगळं श्रेय वडिलांना देतो’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने 2018 साली ईएसपीएनवर आलेला पत्रकार राइट थॉम्पसन यांचा लेख वाचायला हवा होता. दादालाही मी तोच पाठवलाय. इचिरोवर एकच गोष्ट वाचायची असेल तर तो वाचा. थॉम्पसन जपानला गेले, कडाक्याच्या थंडीत कोबेच्या रिकाम्या स्टेडियममध्ये सराव करणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या आणि हातात तेव्हा कुठल्याच संघाचा करार नसलेल्या इचिरोला पाहिलं आणि टोयोयामालाही गेले. तिथे वडिलांनी मुलाच्या लहानपणच्या वस्तूंचं संग्रहालय उभारलं होतं. बॅट, ग्लोव्ह, खेळणी, सगळं जपून मांडलेलं. आणि ज्याचं हे सगळं, तो मुलगा तेव्हा वडिलांशी बोलत नव्हता. दोघांचा संबंध तुटलेला होता. पैशांच्या व्यवहारावरूनही बिनसल्याचं त्या लेखात आहे, तेव्हा सगळं खापर सरावावर फोडणं बरोबर होणार नाही. पण ‘उद्या जग टाळ्या वाजवेल’ म्हणताना त्या टाळ्यांच्या वेळी घरात काय उरलं होतं, ते सांगायला नको? मला तो लेख वाचताना वडिलांबद्दलही वाईट वाटलं. भिंतभर आठवणी आहेत आणि त्या आठवणींतला माणूस फिरकत नाही.

वडिलांचं एक मात्र मानावंच लागेल, आणि मी ते मनापासून मानत नसले तरी लिहिते. मुलगा उजवा होता, त्याला त्यांनी डावखुरी बॅटिंग शिकवली. डावखुरा बॅटर पहिल्या बेसला एक-दोन पावलं जवळ उभा असतो. चेंडू बॅटला लागताक्षणी धावत सुटणाऱ्या इचिरोच्या किती हिट्स त्या पावलांनी दिल्या असतील! शिवाय हा बाप दुपारीच काम आटपून स्वतः मैदानात उतरायचा, स्वतः चेंडू टाकायचा, रात्री मुलाचे तळपाय चोळून द्यायचा. रोज. ही बाजू मेसेजमधून गळाली, कारण ‘मुलाला रडवा’ असं सांगायला ती उपयोगाची नव्हती. दादाने पुतण्याला एका अकादमीत सोडलं आणि गाडीत बसून फोन पाहिला. कोपर दुखतंय हे बारा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

‘अठराव्या वर्षी उचलला आणि मागे वळून पाहिलं नाही’ हे तर सपशेल खोटं आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच सुरू होते. शाळेतून तो दोनदा कोशिएनला पोचला. जपानमधली शालेय बेसबॉलची ती सर्वांत मोठी स्पर्धा, उन्हाळ्यातल्या स्पर्धेला तेव्हा देशभरातून सुमारे 4000 शाळा उतरायच्या. दोन्ही वेळा त्याचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. त्या हजारो शाळांतली मुलं काय आरामात वाढली होती? पहाटेपासून रात्रीपर्यंत घाम गाळणारी पोरं होती ती. कडक सरावाने इचिरो होत असता तर जपानमध्ये दरवर्षी शेकडो इचिरो निघाले असते.

1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, ओरिक्स ब्लूवेव्ह या संघाने त्याला घेतलं ते चौथ्या फेरीत. अंगाने किडकिडीत, शाळेत पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू फेकणारा, होता. पहिली दोन वर्षं तो मुख्य संघ आणि खालचा संघ यांच्यात येरझारा घालत होता. कारण त्याची बॅटिंगची लकब. चेंडू येताना पुढचा पाय लंबकासारखा झुलवायचा आणि वजन पुढे टाकतच मारायचा. व्यवस्थापक शोझो दोई यांना ते पुस्तकाबाहेरचं वाटायचं. बदल म्हणाले. इचिरोने बदललं नाही. 1992 मध्ये खालच्या लीगमध्ये तो .366 च्या सरासरीने पहिला आला, म्हणजे दहातल्या साडेतीनहून अधिक वेळा हिट. 1993 च्या जूनमध्ये पहिला होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा) मारला तोही हिदेओ नोमोसारख्या जबरदस्त पिचरला. तरी त्या मोसमात मुख्य संघात त्याला खेळायला मिळाले फक्त 43 सामने, आणि सरासरी .188.

दोन माणसांनी त्याला वाचवलं. खालच्या संघातले बॅटिंग कोच केनइचिरो कावामुरा, ज्यांनी ती झुलती लकब मोडायच्या ऐवजी त्याच्याबरोबर घडवली. आणि 1994 मध्ये आलेले नवे व्यवस्थापक अकिरा ओगी. ओगींनी त्याला सांगितलं नाही की असं उभं राहा, तसं मार. त्याला रोज खेळवलं. त्या वर्षी 130 सामन्यांत 210 हिट्स, .385. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका मोसमात 200 ओलांडणारा तो पहिला. आधीचा 191 चा विक्रम 1950 पासून टिकून होता. इचिरो तेव्हा वीस वर्षांचा होता, मोसम संपता संपता एकवीस. मग सलग सात वर्षं पॅसिफिक लीगमध्ये, म्हणजे जपानच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीत, सरासरीत पहिला. 1995 च्या जानेवारीत ओरिक्सचं शहर कोबे भूकंपाने उद्ध्वस्त झालं, त्याच वर्षी ‘गान्बारो कोबे’ (‘कोबे, हिंमत ठेव’) बाहीवर लावून ओरिक्सने लीग जिंकली. 2001 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल मरिनर्सकडून पहिल्याच मोसमात 242 हिट्स, .350, 56 चोरलेले बेस (चेंडू मारला जायची वाट न पाहता धावून गाठलेले). नवोदितांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा, दोन्ही सन्मान एकाच वर्षी, 1975 च्या फ्रेड लिननंतर असा दुसराच. 2004 मध्ये 262 हिट्स मारून जॉर्ज सिसलरचा 1920 सालचा 257 चा विक्रम त्याने मोडला.

1994 च्या त्या 210 हिट्स ज्या लकबीतून आल्या, तीच सोड म्हणून त्याला सांगितलं होतं. मेसेजच्या हिशेबाने तर दोई बरोबर ठरतात: मोठ्या माणसाने सांगितलं, पोराने ऐकायला हवं होतं.

‘जन्मजात काही विशेष नव्हतं’ यावर वेळ घालवत नाही. त्याची धाव आणि त्याचा हात ज्याने पाहिलाय तो असं लिहिणार नाही.

राहिलं कोपर. ज्या अमेरिकेच्या टाळ्यांचे दाखले देताय, तिथल्याच मेजर लीग बेसबॉलने आणि राष्ट्रीय बेसबॉल संस्थेने 2014 मध्ये मुलांसाठी मर्यादा आखून दिल्या. नऊ-दहा वर्षांच्या पिचरने सामन्यात दिवसाला जास्तीत जास्त 75 चेंडू फेकायचे, ते टाकल्यावर पुढचे काही दिवस पूर्ण विश्रांती, आणि वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद. चार महिन्यांचं हे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. क्रिकेटची गोलंदाजी आणि बेसबॉलचं फेकणं वेगळं, हे मला कळतं. पण वाढत्या हाडांना दोन्हीकडे ताण सोसावा लागतो, आणि रोज 200, सुट्टी न देता, हे कुठल्याच खेळात बसत नाही.

दादा, ग्रुपवर तुझ्या मेसेजखाली सतरा अंगठे आलेत. त्यातल्या चौघांच्या घरी दहा वर्षांच्या आतली मुलं आहेत. मेसेज काढता येत नसेल तर त्याखाली हे चिकटव, आणि डॉक्टरांचा कागदही.

रविवारी मी येतेय. पुतण्याला मी 11 एप्रिल 2001 चा ओकलंडमधला तो थ्रो दाखवणार आहे. इचिरोला अमेरिकेत पहिला सामना खेळून जेमतेम दहा दिवस झाले होते. टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे निघाला, चेंडू राइट फिल्डला गेला, इचिरोने धावत येऊन उचलला आणि फेकला, आणि तो जमिनीला न टेकता सरळ तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये गेला. लाँग अजून पोचतच होता. पोरगा बघेल ना, तर त्याचं तोंड उघडंच राहील. हात बरा होईपर्यंत आम्ही दोघं तेवढंच बघत बसणार आहोत.