‘राज्यात गुन्हे वाढले’ म्हणण्याआधी जरा तळटीपा बघा

एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल आला की हेडलाईन ठरलेली: महाराष्ट्र अमुक गुन्ह्यात दुसरा, तमुक गुन्ह्यात तिसरा. अहो, लोकसंख्येत पहिल्या तिनांत असलेलं राज्य नुसत्या आकड्यात वर असणारच! बघायचा तो दर, म्हणजे एक लाख लोकांमागे किती गुन्हे. त्यातही भागाकाराला लोकसंख्या घेतात ती 2011 च्या जनगणनेवरून काढलेली अंदाजी.

दुसरं म्हणजे, या तक्त्यांत दाखल झालेले गुन्हे असतात, घडलेले सगळे नव्हेत. गर्दीत मोबाईल मारला गेला आणि ठाण्यात ‘गहाळ’ म्हणून नोंद झाली, तर चोरीच्या रकान्यात शून्य. अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी (जिचा तपास पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येत नाही), दखलपात्र गुन्ह्यांच्या बेरजेत येतच नाही. एकाच एफआयआरमध्ये बलात्कार आणि खून दोन्ही कलमं असली तर मोजला जातो फक्त खून, कारण सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरायचा हा नियम आहे.

त्यामुळे वाढ दिसली की आधी कायदा बदलला का ते तपासा. देशात बलात्काराचे गुन्हे 2012 मध्ये 24,923 होते, 2013 मध्ये 33,707. त्याच वर्षी व्याख्या रुंदावली आणि अशी फिर्याद न घेणाऱ्या पोलिसावरच तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेचं कलम 166अ लागू लागलं. ही वाढ मला तरी निव्वळ वाईट बातमी वाटत नाही. अपहरणाचंही तसंच. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की थेट अपहरणाचं कलम (तेव्हा 363) लावतात, मग ते रागावून मामाकडे गेलेलं का असेना.

2020 तर मासलेवाईक. एकूण गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले, पण कलम 188 चे (लॉकडाऊन मोडल्याचे) 29,469 वरून 6,12,179 झाले होते. चोऱ्या उलट घटल्या.

दोषसिद्धीचा दर, म्हणजे किती टक्के खटल्यांत आरोपी दोषी ठरले, तोही जपून वाचा. तो त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढतात, त्या वर्षी दाखल झालेल्यांवर नाही. गुन्हा आठ वर्षांपूर्वीचाही असू शकतो. शेजारीच प्रलंबित खटल्यांचा तक्ता असतो, तो कुणी छापत नाही.

आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हिसकावून नेण्याला आता स्वतंत्र कलम आहे, 304. तेव्हा 2024 च्या चोऱ्या 2023 शी ताडताना हिसकावणं कुठल्या रकान्यात धरलंय ते आधी बघा.