सोळा बाटल्या, पंधरा कपॅसिटर आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढून आकडेमोड केली. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निऑनच्या पाट्यांना लावतात तो १५ किलोव्होल्ट, ३० मिलिॲंपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेऊन मी एक छोटी टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत लांब ठिणग्या फेकणारे उच्च व्होल्टेजचे यंत्र, उभी केली आणि तिचा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटल्यांचा केला. त्यावर सरांनी लिहिले की हा पोरखेळ आहे, पॉलिप्रॉपिलीनच्या प्लास्टिक फिल्मचे उत्तम कपॅसिटर विकत मिळत असताना बाटल्यांत दोन रविवार घालवायचे कारण नाही, कपॅसिटर किती मोठा हवा यासाठी दिलेला ६.४ नॅनोफॅरड हा माझा आकडाच चुकला आहे. आणि असले जुगाड वाचून एखादा कॉलेजचा मुलगा जिवाला मुकेल. सरांची सगळी नोकरी सबस्टेशनवर गेली आहे, तेव्हा शेवटचे वाक्य त्यांनी उगाच लिहिलेले नाही.

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ६.४ हे उत्तर मी ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज आणि करंट घेऊन ५० हर्ट्झला काढले होते. गणित बरोबर होते, त्यातून काढलेला सल्ला चुकला. नेमक्या त्या मूल्याला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांचे सूत जुळते. झोपाळ्याला दर वेळी अचूक क्षणी धक्का द्यावा तसे व्होल्टेज चढत जाते आणि स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी पडायची फट, एखाद्या वेळी पेटली नाही तर १५ किलोव्होल्टसाठी गुंडाळलेल्या तारेवर भलताच ताण येतो. वाइंडिंग डांबरात बुडवलेले असते, त्यामुळे आत काय जळले ते दिसतही नाही, फक्त वास येतो. साध्या स्थिर गॅपला कपॅसिटर साधारण दीडपट मोठा ठेवायला हवा, म्हणजे साडेनऊ-दहा नॅनोफॅरड. माझा ट्रान्सफॉर्मर वाचला तो जादा व्होल्टेज आपल्यावर घेणारी दुसरी फट, सेफ्टी गॅप, लावली होती म्हणून. लेखातला आकडा बदलला आहे. जुना खोडून तिथेच ठेवलाय, पुसलेला नाही.

आता हेच दहा नॅनोफॅरड दोन्ही वाटांनी करून पाहू.

६५० मिलिची बिअरची बाटली, आत मिठाचे पाणी, बाहेर ॲल्युमिनियमची फॉइल. माझ्या मीटरवर एक बाटली ०.६ नॅनोफॅरडच्या आसपास भरली. सोळा बाटल्या समांतर जोडल्या की ९.६. रद्दीवाल्याकडून एकदम सोळा बाटल्या घरी आणताना शेजाऱ्यांनी काय समज करून घेतला, तो वेगळा विषय. विकतच्या वाटेने जायचे तर ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्टचे पंधरा नग एकामागे एक सीरीजमध्ये. बरोबर १० नॅनोफॅरड आणि ३० किलोव्होल्ट डीसीचे रेटिंग. ट्रान्सफॉर्मरवर १५ किलोव्होल्ट छापलेले असले तरी शिखराला ते २१.२ होतात, म्हणजे प्रत्येक नगाच्या वाट्याला साधारण १४०० व्होल्ट. डब्यात भाजी-पोळी न्यावी एवढ्या जागेत सगळे मावते. बाटल्यांनी मात्र अख्खा टब व्यापला होता.

काम कोण चांगले करते, यावर वाद नाहीच. बाटलीची साधी काच प्रत्येक आवर्तनात थोडी थोडी ऊर्जा स्वतःच खाते, आणि कॉइलमध्ये ही आवर्तने सेकंदाला लाखोंच्या घरात जातात. दोन मिनिटांनी मेन बंद करून, तारा शॉर्ट करून बाटल्यांना हात लावला तर कोमट लागतात. पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. बाटल्यांवर ठिणगी वीतभर होती. कपॅसिटर बदलून, प्रायमरीचा (कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांचा) टॅप पुन्हा जुळवून त्याच कॉइलवर ती दोन विती झाली. अंधारात बघितले तर बाटलीत पाणी जिथे संपते तिथे निळसर जांभळे कडे दिसायचे आणि खोलीभर ओझोनचा वास. पाण्यावर बोटभर तेल ओतल्यावर ते कडे गेले. वीतभराची ठिणगी वीतभरच राहिली.

टेस्लाने १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याच्या बाटल्याच वापरल्या होत्या, असे उत्तर मला लगेच सुचले होते. लिहिलेही होते. मग खोडले. पॉलिप्रॉपिलीन त्यानंतर अर्ध्या शतकाने आले, टेस्लापुढे ती वाटच नव्हती. माझ्यापुढे आहे. तेव्हा त्याच्या बाटल्या माझ्या मदतीला येत नाहीत.

पण सर, ‘विकतचा घ्या म्हणजे जीव वाचेल’ हा तुमचा सूर मला पटत नाही. कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा धारिता (नॅनोफॅरडमधला तो आकडा) आणि व्होल्टेजच्या वर्गावरून ठरते. काच आहे की प्लास्टिक, घरचा आहे की दुकानातला, हे तिला विचारायचे नसते. २१.२ किलोव्होल्टला बाटल्यांत २.२ ज्यूल, विकतच्या माळेत २.२५ ज्यूल. सारखेच. आणि या कॉइलमध्ये मारणारी खरी वस्तू दोन्ही वेळी तीच असते, ती म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर. ३० मिलिॲंपिअर, तेही न थांबता.

उलट एका बाबतीत विकतचा जास्त बेरकी आहे. जुलैत पुण्यात माझ्या बाटल्यांत भार टिकतच नव्हता. काचेवर दमट हवेचा थर बसतो आणि त्यावरून तो झिरपून जातो. चांगल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र गळती जवळजवळ नसतेच. मेन बंद झाल्यावर माळेतला बहुतेक भार ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून निघून जातो हे खरे, पण एखादा जोड सुटलेला असला किंवा नगांमध्ये भार असमान वाटला गेला असला तर मधला एखादा नग तासन्‌तास भरलेला राहतो. दिसायला सगळे निवांत. म्हणून प्रत्येक नगावर भार हळूहळू उतरवणारा १० मेगओहमचा रेझिस्टर हवाच. त्याने दीड सेकंदात भार एक तृतीयांशावर येतो, आठेक सेकंदांत अख्ख्या माळेवर शे-दीडशे व्होल्ट उरतात. इथेही एक गोम आहे. दुकानात मिळणारा पाव वॅटचा रेझिस्टर सहसा २५० व्होल्टसाठी असतो आणि आपण त्याच्यावर १४०० टाकणार. तो कधी तुटला हे कळत नाही आणि आपण मात्र ‘रेझिस्टर लावलाय’ म्हणून बिनधास्त. हाय-व्होल्टेजचे रेझिस्टर वेगळे मागावे लागतात.

हे तुम्हाला मी काय सांगणार! तुमच्या यार्डातल्या कपॅसिटर बँकेत प्रत्येक युनिटच्या पोटात कंपनीने डिस्चार्ज रेझिस्टर घातलेला असतो, आणि तरीही दहा मिनिटे थांबून, वर उरलेला भार जमिनीत उतरवणारा अर्थिंग रॉड लावल्याशिवाय कोणी हात घालत नाही. वस्तू विकतची आणि उत्तम दर्जाची असूनसुद्धा. तुमच्या लोकांना वाचवते ती ही शिस्त. प्रतिक्रियेत तुम्ही कपॅसिटरबद्दल लिहिलेत, मला वाटते तुमच्या मनात ही शिस्तच होती.

मुलांची काळजी करायचीच तर बाटल्यांपेक्षा भंगारातल्या मायक्रोवेव्हची करा. त्यातला कपॅसिटर मुठीएवढा, १ मायक्रोफॅरडच्या आसपास. ३ किलोव्होल्टला त्यात साडेचार ज्यूल बसतात, माझ्या सोळा बाटल्यांच्या दुप्पट. तो कंपनीचाच असतो, दिसायला गरीब आणि फुकटात मिळतो. त्याच्या शेजारचा ट्रान्सफॉर्मर तर निऑनवाल्यापेक्षा कितीतरी घातक. त्यावर मी कधीच लेख लिहिणार नाही.

बाजाराबद्दलही थोडे. पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली आणि बुधवार पेठ मी पायाखाली घातली आहे. एका दुकानातून ‘२ केव्ही’ छापलेले वीस नग आणले. मीटरवर धारिता चोख. पण पहिल्याच दिवशी मिनिटभरात तापले, एकाचे पोट फुगले. फोडून पाहिले तर आत वेगळी फॉइल नव्हतीच, फिल्मवर धातूचा नुसता मुलामा होता. दर ठिणगीला शेकडो ॲंपिअरचा झटका बसला की अशा फिल्मच्या टोकाचा जोड जळतो. शेवटी बाहेरून मागवले. पंधरा नगांचे सात हजारांच्या आसपास गेले. तेव्हा ‘बाजारात मिळतात’ हे तुमचे वाक्य खरे असले तरी काय मागायचे हे माहीत असणाऱ्यालाच ते मिळतात.

आणि ते मला कुठे कळले? बाटल्यांच्याही आधी मी पॉलिथिनचे कागद आणि ॲल्युमिनियम फॉइल यांची गुंडाळी करून पाहिली होती. फार अभिमानाने, टेप लावून, घट्ट. चाळीस सेकंद चालली आणि ‘टच्’ असा आवाज झाला. शॉर्ट करून, उलगडून टेबलावर पसरली तर फॉइलच्या अगदी कडेला सुईच्या टोकाएवढे भोक, भोवती काळे कडे, आणि त्या कडेच्या लांबीभर प्लास्टिक दुधाळ पांढरे पडलेले. म्हणजे भोक एकदम पडले नव्हते. थरांमध्ये अडकलेल्या हवेवर पॉलिथिनच्या दुपटीहून जास्त ताण येतो, आणि हवा तर मिलिमीटरला ३ किलोव्होल्टलाच मान टाकते. तिथे बारीक बारीक ठिणग्या सुरू होतात आणि त्या प्लास्टिक कुरतडत राहतात. विकतच्या कपॅसिटरला आपण पैसे कशाचे मोजतो ते मला त्या दिवशी कळले. फॉइल आणि प्लास्टिक स्वयंपाकघरात पडलेलेच असते. पैसे ती हवा बाहेर काढण्याचे असतात.

यासाठी दोन रविवार गेले हे मान्य. आज कॉइलवर विकतची माळच आहे. पोरखेळ म्हणालात, तोही शब्द मला फारसा लागला नाही.

मुलांबद्दलचा तुमचा परिच्छेद लेखाच्या सुरुवातीला, चित्रांच्याही वर, तुमच्याच शब्दांत लावला आहे. खाली ‘सबस्टेशनवरचे एक निवृत्त अभियंता’ एवढेच लिहिले आहे, नाव घातलेले नाही. घालायचे असेल तर कळवा. आणि एक विनंती: तुमच्याकडचा अर्थिंग रॉड नेमका कसा असतो, आधी कुठे टेकवायचा, किती वेळ ठेवायचा, हे तुम्ही लिहून दिलेत तर मी तेही तिथेच छापीन.