माझी कुंडली घेतली, कढईची कोण घेणार?

फेब्रुवारीत रक्त तपासलं तेव्हा एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या काठावरचे. डॉक्टर म्हणाले, "गोळी नाही देत अजून, पण खाण्याकडे बघा." 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास आला होता, त्यात देशात 10 कोटींच्या वर मधुमेही आणि 13 कोटींच्या वर माझ्यासारखे काठावरचे निघाले. म्हणजे रांग मोठी आहे. बँकेत काम करते, रांगेची सवय आहे.

आता खाण्याकडे बघायचं म्हणजे काय, ते सांगायला सगळं खानदान हजर. घरचं खा. डबा ने. बाहेरचं बंद कर. सासूबाई, नणंद, शाखेतले जोशी, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांचं एकमत. या "घरचं खा" मधलं घरचं कोण करणार, हे मात्र कोणी बोलत नाही. 49 वर्षांची झाले. पंचवीस वर्षं सकाळी साडेपाचला उठून डबे भरले. मुलगा पुण्याला गेला, नवऱ्याची नोकरी फिरतीची, आणि मला दुपारी शाखेच्या आजूबाजूला चांगलं काहीतरी विकत घेऊन खायचंय. यात मला काडीचाही अपराधी वाटत नाही. "घरीच करून खा" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी आधी स्वतः महिनाभर करून बघावं, मग बोलू.

तर मुलाने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. आपली माहिती भरायची, मग ते जवळच्या हॉटेलांच्या मेनूमधून "तुमच्यासाठी योग्य" पदार्थ काढून देतं. महिन्याला पैसे घेतात. नाव सांगत नाही, कारण यांच्यात फार डावं-उजवं असेल असं मला वाटत नाही.

माहिती म्हणजे किती? वय, उंची, वजन, साखर, थायरॉइड, झोप, पावलं, आईवडिलांना काय काय होतं, तिखट किती चालतं, कोणत्या वारी उपास. एवढं तर माझ्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनीही विचारलं नव्हतं. शेवटी प्रत्येक पदार्थापुढे टक्केवारी येते, "तुमच्याशी जुळणी 92 टक्के". छत्तीसपैकी तेहतीस गुण म्हणा ना.

पहिल्या आठवड्यात खरंच बरं वाटलं. शाखेमागे एक दाक्षिणात्य हॉटेल आहे, तिथे मी अकरा वर्षं मसाला डोसाच खात आले. ॲपने मूग डोसा सुचवला. मेनूत तो खालच्या कोपऱ्यात होता, मी कधी वाचलाच नव्हता. हिरवा, जाडसर, वर आलं-मिरची. चारपर्यंत भूक लागली नाही. या एका डोशासाठी मी ॲपला मनापासून मार्क देते, पुढे जे लिहिणार आहे ते वाचूनही हे विसरू नका.

मग आली संकष्टी. ॲपला उपास माहीत होता, कारण मीच सांगितला होता. सकाळी दहाला सूचना: साबुदाणा खिचडी, हलकी, ग्लूटेनमुक्त, जुळणी 88 टक्के. अहो, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च! त्यात बटाटा, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. गहू नाही म्हणून ग्लूटेन नाही, इतकं बरोबर. पण मी साखरेची तक्रार घेऊन आले होते, गव्हाची नाही.

आणि खरी गंमत सावजीत झाली. शाखेतली एक मुलगी बदली होऊन चालली होती, तिला निरोपाचं जेवण हवं होतं, तेही सावजीच. मी हळूच ॲप उघडलं. सावजी चिकन: प्रथिनं भरपूर, कर्बोदकं कमी, जुळणी 91 टक्के! विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, सावजी म्हणजे आमच्या नागपूरकडचं झणझणीत रस्स्याचं जेवण, आणि त्या रस्स्यावर तर्री असते. तर्री म्हणजे वर तरंगणारं लालभडक तेल, आणि ती कमी पडली तर गिऱ्हाईक भांडतं. वाटी समोर आली. मी चमचा घेतला आणि वरची तर्री बाजूच्या रिकाम्या वाटीत काढायला लागले. एक, दोन, तीन... सहाव्या चमच्याला खालचा रस्सा दिसायला लागला. वाढणारा पोरगा थांबून बघत होता.

"मॅडम, तर्री काढून टाकता? मंग खाता कायले सावजी?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. पण त्या सहा चमच्यांचा हिशेब ॲपने कुठे धरला होता? एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी. आयसीएमआरने 2024 मध्ये आहाराच्या सूचना नव्याने काढल्या, त्यातल्या 2000 कॅलरीच्या ताटात दिवसभराचं तेल-तूप 27 ग्रॅम धरलंय. ते तर माझ्यासमोरच्या वाटीत, रस्सा तोंडात जायच्या आधीच, जवळपास संपलं होतं.

तेव्हा डोक्यात आलं की ही माणसं कॅलरी मोजतात कशा? बँकेतली सवय, आकडा दिसला की त्याचं व्हाउचर शोधायचं. ॲपमध्ये अगदी बारीक अक्षरात "अंदाजे" लिहिलेलं सापडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते आहेत, 528 खाद्यपदार्थांचे, उत्तम काम आहे ते. पण ते बहुतेक कच्च्या मालाचे. ज्वारीत काय, मेथीत काय, कोंबडीत काय. नागपूरच्या कोणत्या स्वयंपाक्याने त्या कोंबडीवर किती तेल ओतलं, हे तक्ता कसा सांगेल? मेनूवर कॅलरी लिहिण्याचा सरकारी नियम आहे, 2020 चा. पण तो खाद्यव्यवसायाचा केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना. साखळीवाल्यांकडे सगळं मापाने होतं, तिथे आकड्याला थोडा तरी अर्थ आहे. गल्लीतलं भोजनालय त्यात येतच नाही, आणि मी जेवते गल्लीत.

शाखेच्या बाजूच्या हॉटेलमालकाचं खातं आमच्याकडे आहे. एकदा तीन वाजता, गर्दी ओसरल्यावर, त्यांना म्हटलं जरा भटारखाना दाखवा. आधी घाबरले, त्यांना वाटलं कर्जाची तपासणी आहे. आत दोन मोठे गंज, म्हणजे पातेली. एकात लाल ग्रेव्ही, एकात काजू-मगजाची पांढरी. सकाळी आठला शिजवून ठेवतात. पनीर मसाला, मिक्स व्हेज, कोफ्ता, मटर मशरूम, सगळं त्या लाल गंजातून. वेगळं काय ते शेवटच्या दोन मिनिटांत कढईत पडतं. ॲपवर मात्र या चौघांना चार वेगवेगळ्या टक्केवाऱ्या, 64 पासून 87 पर्यंत!

मी स्वयंपाक्याला विचारलं, तेल किती टाकता? त्याने पळी उचलून दाखवली. "ही एक. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तं दीड." ओळखीच्या माणसाला जास्त तेल, हा आपल्याकडचा पाहुणचार. "आणि वरून बटर?" तो हसला. "ते तं लागतेच ना मॅडम, चमक येत नाही."

माझी तक्रार एवढीच आहे. यांनी मला ढीगभर प्रश्न विचारले आणि त्या स्वयंपाक्याला एकही नाही. पळी केवढी, तेल कोणतं, पोळीत मैदा किती, अर्धी प्लेट देता का, तर्री वेगळ्या वाटीत द्याल का. पाच प्रश्न. पावलं मोजणारा फोन माझ्या हातात आहे, पण माझी साखर माझ्या पावलांपेक्षा त्या पळीच्या हातात जास्त आहे. तंत्रज्ञान नको असं मी म्हणत नाहीये. पण निम्म्या कागदपत्रांवर कर्ज मंजूर केलं तर आमच्याकडे मेमो मिळतो.

उलट आमच्याकडचा तर्री-पोह्याचा ठेला बघा. पोहे आणि तर्री वेगवेगळ्या भांड्यात. हातात प्लेट घेऊन तो विचारतो, "तर्री किती?" मी म्हणते, चणे टाक, तेल वरचं नको. तो पळी तळाशी घालून चणे काढतो. पोहे म्हणजे काही साखरेचं औषध नाही, हे मलाही कळतं. पण इतकं साधं "किती" विचारायला महिन्याला पैसे घेणाऱ्यांना काय जड जातं?

(आणखी एक. माझा एचबीए1सी या मंडळींना दिल्यापासून फोनवर मधुमेहाच्या चूर्णाच्या जाहिराती सुरू झाल्यात. योगायोग असेल. मुलगा म्हणतो, आई, तू फार संशय घेतेस. बँकेत पगार त्याचाच मिळतो, बाबा.)

सध्या मी ॲपकडून फक्त मेनूच्या खालच्या कोपऱ्यातले पदार्थ शोधून घेते, टक्केवारीकडे बघत नाही. बाजूच्या हॉटेलात आता मी "एका पळीवाली मॅडम" आहे. दीडची ओळख मी स्वतःच कमी करून घेतली. जूनमध्ये पुन्हा रक्त तपासायचंय, तेव्हा कळेल.

गेल्या सोमवारी रीतसर सूचनाही पाठवली त्यांना. मराठीत, मुद्देसूद: तुमच्या फॉर्ममध्ये हॉटेलच्या कढईबद्दलही प्रश्न असावेत. दोन मिनिटांत उत्तर आलं, "धन्यवाद! तुमची आवड नोंदवली आहे."

मंगळवारी दुपारी साडेबाराला सूचना वाजली. कढई पनीर, जुळणी 94 टक्के.