ओसीआरमधल्या कामाबद्दल, आणि अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी थोडं

अमेरिकेत सरकारी वकील होते म्हटलं की आपल्याकडे लोकांना काळा कोट आणि खुनाच्या केसेस आठवतात, मावशी तर दर फोनला विचारायची, अगं मग कोर्टात कधी उभी राहतेस? माझं काम कोर्टातलं नव्हतंच. इथल्या शिक्षण खात्यात ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स आहे, सगळे ओसीआर म्हणतात, तिथे मी काही वर्षं होते. वंश, लिंग, अपंगत्व यावरून शाळेत भेदभाव झाला की तक्रार तिथे येते. माझ्याकडे बहुतेक अपंगत्वाच्या केसेस असायच्या.

सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर हे. शाळा मुलाला सस्पेंड करत नाही, नुसता आईला फोन करते, आज त्याचं जरा बिनसलंय, लवकर घेऊन जाता का. मुलगा ऑटिझमवाला किंवा एडीएचडीवाला, आई तासावर काम करणारी, ती बिचारी शिफ्ट सोडून धावत येते, आणि कागदावर सस्पेन्शन शून्य! यामागे कारण आहे. अशा मुलाला सलग १० दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं तर आधी मीटिंग घेऊन बघावं लागतं की हे वागणं त्याच्या अपंगत्वामुळेच आहे का, आणि तसं असेल तर त्यासाठी त्याला असं काढता येत नाही. मग सस्पेंड हा शब्दच वापरायचा नाही, झालं.

आम्ही शाळेकडे रेकॉर्ड मागायचो तेव्हा फ्रंट ऑफिसचं साइन-आउट रजिस्टर हमखास मागायचो. त्यात नाव, वेळ, कोणी नेलं, कारण. बघावं तर वेळ ११:१०, कारणाच्या रकान्यात नुसतं "पालक". १०:४०, पालक. परत ११:०५, पालक. आणि हजेरीपटावर त्याच दिवशी मुलगा हजर, कारण सकाळी आला होता ना. दोन्ही कागद शेजारी ठेवून एक्सेलमध्ये तास टाकत गेलं की आठवडेच्या आठवडे शिकणं बुडालेलं दिसतं, जे आई इतके महिने तोंडाने सांगत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. मग शाळेशी करार होतो, बुडालेल्या तासांची भरपाई करा, स्टाफला ट्रेनिंग द्या, आणि ते खरंच केलं का हे आम्ही पुढे तपासत राहायचो. २०२२ च्या जुलैमध्ये ओसीआरने शाळांना लेखी कळवलं की हे गुपचूप घरी पाठवणंही कायद्याच्या कक्षेत येतं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

एक गोष्ट पालकांना पटायला जड जायची. मी त्यांची वकील नव्हते, शाळेचीही नव्हते, दोघांचं ऐकून पुरावा बघायचा आणि कायदा लावायचा. काही आया यावर चिडायच्या, समजू शकते मी. पण माझ्या मते या कामाची खरी ताकद तीच आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, तासाला शेकडो डॉलर घेणारा वकील जिला कधीच परवडणार नाही तिच्यासाठीही सरकार पगार देऊन कोणालातरी ते रजिस्टर वाचायला बसवतं.

हा हक्क फुकट मिळालेला नाहीये. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टमध्ये कलम ५०४ आलं, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणालाही अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, पण नियमांवर सहीच होईना. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल बिल्डिंगमध्ये शंभरावर लोक, व्हीलचेअरवाले, अंध, बहिरे, ठाण मांडून बसले, अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जूडी ह्यूमन पुढे होत्या, ब्लॅक पँथर्स ही कृष्णवर्णीयांची संघटना, ते रोज गरम जेवण आणून द्यायचे, आणि २८ एप्रिलला सही झाली. ओसीआरचं सॅन फ्रान्सिस्को ऑफिस नंतर त्याच इमारतीत होतं, ५० युनायटेड नेशन्स प्लाझा. मार्च २०२५ मध्ये १२ पैकी ७ प्रादेशिक ऑफिसं बंद केली, त्यात हेही गेलं. आदल्या वर्षीच २२ हजारांवर तक्रारी आल्या होत्या, तोवरचा उच्चांक! पुढे कोर्टात बरंच झालं, पण केस निम्म्यात सोडून जावं लागलेले लोक मला माहितीयेत आणि त्या पालकांचं काय झालं हा विचार डोक्यातून जात नाही.

त्याच वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, सुप्रीम कोर्टाने मिनेसोटातल्या एपिलेप्सी असलेल्या मुलीच्या केसमध्ये एकमताने निकाल दिला. तिला सकाळी फिट्स यायच्या म्हणून संध्याकाळी शिकवा एवढीच मागणी होती. शाळेचा हेतूच वाईट होता हे सिद्ध करा, अशी जादा अट शाळकरी मुलांना लावायची नाही असं कोर्ट म्हणालं. फार चांगला निकाल आहे, पण कोर्टात जायला परत वकील आणि पैसा लागतोच, म्हणून मी म्हणते की ओसीआरमध्ये पुरेशी माणसं हवीत, कोणतंही सरकार असो.

आता आपल्या लोकांना सांगायचंय. व्हिसावर आहोत, कशाला शाळेशी वाकडं घ्या, मुलावर राग काढतील, हे मी मराठी घरांमधून खूप ऐकलंय. कलम ५०४ नागरिकत्व बघत नाही. तक्रार केली म्हणून सूड घेणं हेच कायद्याचं वेगळं उल्लंघन धरलं जातं. मुदत १८० दिवसांची आहे, ती भिडेत घालवू नका. शाळेने बोलावलं तर जा, पण लगेच ईमेल टाका की तुम्ही फोन केलात म्हणून मी आज ११ वाजता घेऊन चाललेय. आणि रजिस्टरमध्ये सही करताना कारणाच्या रकान्यात "शाळेने बोलावलं" असं स्वतःच्या हाताने लिहा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.